दूरच्या तळाची राखण : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

पाच आठवड्यांनी आमच्या तळावर, तंबूंच्या मुक्कामी, आलो. खोपीचे दार सताड उघडे. कुलूप मात्र शाबूत, कडीत जसेच्या तसे अडकलेले. चोरांनी त्याला हातही लावला नव्हता. कोयंड्याचे चार स्क्रू बाहेरून फिरवून काढले, कोयंडा कुलपासकट लोंबत राहिला. कुलूप मी स्वतः पारखून घेतले होते, जाड दांड्याचे. ते ज्या आखूड स्क्रूंवर टेकले होते, तिकडे माझे लक्षच गेले नाही.

गेलेले सामान : दोन्ही बॅटऱ्या, इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बेताने बॅटरीत भरणारा डबा), दोनपैकी एक सोलर पॅनेल, अवजारांची पेटी. तंबू, अंथरुणे, चूल, पाण्याची टाकी जागेवर आहे. दुसऱ्या पॅनेलचे दोन बोल्ट सैल केलेले दिसतात, म्हणजे तेही न्यायचे होते. वेळ कमी पडला, की गाडीत जागा उरली नाही, कोण जाणे.

कशालाही हात लावण्याआधी सगळ्याचे फोटो काढले. तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न आला, वस्तूंचे अनुक्रमांक काय? फक्त इन्व्हर्टरची पावती सापडली. बाकी कशावरही आमची खूण नाही, कुठे नोंद नाही. सापडले तरी ते आमचेच, हे सिद्ध करायला हातात काही नाही. ही गोष्ट चोरीइतकीच मनाला लागली.

४ फेब्रुवारी

पहाटेच उठले. ऊन तिरपे असते तेव्हा मातीतला माग सगळ्यात स्पष्ट दिसतो, पावलांच्या कडांची सावली पडते. सूर्य समोर आणि माग मध्ये, असे उभे राहून पाहायचे. दुपारी तीच जमीन कोरी वाटते.

माग असा : गाडी उलटी घेऊन थेट खोपीच्या दाराशी लावली. दोन माणसे. खोपीच्या दारापासून छपरावरच्या पॅनेलखाली आणि परत, एवढ्याच फेऱ्या. तंबूंकडे एकही पाऊल वळले नाही. म्हणजे शोधाशोध झालीच नाही, काय कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते.

कसे ठाऊक झाले, ते दोन तासांनी कळले. खालच्या वळणावर उभे राहिले तर पॅनेलची काच उन्हात आरशासारखी चमकत होती. आणि मागच्या मुक्कामी आलेल्या एका पाहुण्याने खोपीचा आतला फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला आहे. त्यात बॅटऱ्या आहेत आणि खाली जागेचे नावही. त्याच्या मनात काही वाईट नव्हते.

६ फेब्रुवारी

दादाबरोबर बसून हिशेब मांडला. दादा वेल्डिंगचे काम करतो, त्यामुळे लोखंड किती वेळ टिकते हे त्याला विचारावे. त्याचे म्हणणे सरळ होते : "बॅटरीवरचा ग्राइंडर, म्हणजे लोखंड कापायची फिरती चकती, असला की साध्या कुलपाचा दांडा एक-दोन मिनिटांचा. चांगल्या साखळीला आणखी थोडा वेळ. ज्याला कापायचंय तो कापतोच."

वस्तीत कुलपाचा उपयोग होतो, कारण ग्राइंडरचा आवाज ऐकून कोणीतरी खिडकी उघडते. आमच्या तळावर ऐकणारे कोणी नाही. मला कळले आणि मी लगेच निघाले, तरी पोहोचायला दोन तास चाळीस मिनिटे लागतात. तेवढ्यात चोर दहा कुलपे कापून, सामान भरून निघून गेलेला असेल. इथे वेळ त्याच्या बाजूचा आहे, आणि नुसती कुलपे वाढवून तो आमच्या बाजूला येणार नाही.

मग त्याला नडेल असे काय? वजन आणि अंतर. गेलेली प्रत्येक बॅटरी १०० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड, सुमारे ३० किलोची. दाराशी गाडी असेल तर दोघांना ते काहीच नाही. गाडी ७०० मीटर लांब असेल तर अंधारात, दगडधोंड्यांतून, दोन-तीन फेऱ्या. म्हणून कामाचा क्रम ठरला : आधी गाडी अडवायची. मग चोरण्यासारखे सामानच कमी करायचे. मग कोणी आले तर लगेच कळेल अशी सोय. कुलपे सगळ्यात शेवटी.

दादाला कुलपांपासून सुरुवात करायची होती. बराच वाद झाला. शेवटी त्याने मानले, पण फाटक तोच करणार या अटीवर.

७ फेब्रुवारी

पाहुण्याला फोन केला, फोटो लगेच काढला त्याने. आमचे जुने फोटोही तपासले. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असली की फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश जाऊन बसतात. ती नोंद बंद केली. पुढे येणाऱ्यांना आधीच सांगायचे : फोटो हवे तेवढे काढा, पण खोपी आणि वाटेचे वळण नको.

१५ फेब्रुवारी

फाटकाची जागा ठरली. वाट एका बाजूला उंच दरड आणि दुसऱ्या बाजूला ओढा यांच्यामधून जाते, ती अरुंद जागा. मोकळ्या माळावर फाटक लावले असते तर गाडीने बाजूने नवी चाकोरी पाडली असती. आधी ओढ्यापर्यंत दोन्ही बाजू चालून पाहिल्या. ओढ्याच्या काठाने एक सपाट पट्टी निघाली, जेमतेम गाडी जाईल एवढी. ती बंद करायला लागणार.

१६ आणि १७ फेब्रुवारी

दोन दिवस टिकाव, फावडे, पहार. सपाट पट्टीवर आडवा चर खणला आणि निघालेली माती आतल्या बाजूला बांधासारखी रचली. नुसत्या चरात मोठ्या चाकाची गाडी उतरून पुन्हा वर येऊ शकते. चर संपतो तिथेच चढ सुरू झाला की नाक अडकते. चर थोडा तिरका ठेवला, पाणी ओढ्याकडे जावे म्हणून. सरळ उताराच्या दिशेने खणला असता तर दोन पावसांत त्याची घळ झाली असती.

चराच्या टोकांना दगड. एक घनमीटर दगड साधारण २,६०० किलोचा असतो, म्हणजे अर्धा मीटर लांब-रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच दगडही २५० किलोच्या वर जातो. पहारीने आणि गोल ओंडक्यांवरून सरकवत पाच दगड आणले. प्रत्येक दगड तिसरा हिस्सा जमिनीत पुरला. वर नुसता ठेवलेला दगड दोघेजण पहार घालून लोटून देतात, पुरलेला हलत नाही.

हात सोलले आहेत. पण आज पहिल्यांदा झोप चांगली लागेल असे वाटते.

२४ फेब्रुवारी

दादाचे फाटक बसले. साडेतीन मीटर रुंद, कारण कोणी आजारी पडले किंवा आग लागली तर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत आलीच पाहिजे. चोर अडवायच्या नादात मदत अडवायची नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते.

फाटकातल्या दोन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. दोन्ही बिजागऱ्यांचे खुंट वर तोंड करून असतील तर कुलूप कितीही भारी असो, फाटक खालून पहारीने उचलले की अलगद निघून येते. दादाने वरच्या बिजागरीचा खुंट खाली तोंड करून बसवला. आता वर उचलले तर वरचा खुंट अडवतो, खाली ओढायला जागाच नाही. दुसरे, कुलपाभोवती जाड पत्र्याची पेटी वेल्ड केली, खालून फक्त हात जाईल एवढी उघडी. बोल्ट-कटरचा जबडा आत शिरत नाही, ग्राइंडरची चकतीही नीट पोहोचत नाही. अशक्य झाले नाही, अवघड झाले.

एक किल्ली वळणावरच्या घरी आजोबांकडे ठेवली. तळाला सगळ्यात जवळचे घर तेच. आजोबांनी किल्ली घेताना विचारले, "रात्री कोणी मागायला आलं तर?" मी म्हटले, "आधी मला फोन करा, आजोबा. मी हो म्हटलं तरच द्या. मात्र कोणी जखमी असेल तर विचारत बसू नका."

१ मार्च

आजचा दिवस बॅटरीच्या पेटीचा, आणि इथे मी मोठी चूक करणार होते. माझ्या डोक्यात जाड पत्र्याची, चारी बाजूंनी बंद पेटी होती. पुन्हा लेड-ॲसिड घ्यायची आणि या पेटीत कोंडायची. दादाने थांबवले. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एखादी ठिणगी स्फोटाला पुरते, आणि कंट्रोलर, रिले, स्विच त्याच पेटीत! हायड्रोजन हलका असल्याने वरच्या बाजूला साचतो, म्हणून पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे वायुवीजन हवेच. भोके पाडली की पेटी तेवढी कमकुवत होते. चोरापासून जपताना आपणच खोपीत बाँब ठेवला असता.

मग विचार उलटा केला. बॅटरी तिथे ठेवायचीच कशाला? लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १,२८० वॅट-तास देते आणि भरते सुमारे १२ किलो. लेड-ॲसिड निम्म्याहून जास्त उतरवली की लवकर खराब होते, त्यामुळे आमच्या दोन जुन्या बॅटऱ्यांचा खरा उपयोग जवळजवळ एवढाच होता. १२ किलो पाठीवर येते. तळ सोडताना बॅटरी आमच्याबरोबर घरी.

तारा दर खेपेला सोडायच्या-जोडायच्या असल्या की हाताने नट फिरवणे धोक्याचे, म्हणून मोठ्या करंटचा अँडरसन प्लग (हाताने ओढला की सुटणारा जोड) लावला आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज. क्रम दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवला : जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. बॅटरीशिवाय पॅनेल कंट्रोलरला जोडलेले राहिले तर कंट्रोलर जळू शकतो.

पत्र्याची पेटी वाया गेली नाही. अवजारे तीत ठेवणार. खोपीच्या जमिनीत ५० बाय ५० सेंटिमीटर, ४० सेंटिमीटर खोल खड्डा खणून काँक्रीट भरले. हे ०.१ घनमीटर, म्हणजे २४० किलो. त्यात वाकवलेले गज सोडले आणि पेटी आतून त्यांना बोल्ट केली. आठवडाभर काँक्रीटला ओल देत राहायला हवे. पेटीवर आत्ताच जोर लावायचा नाही.

खोपीच्या दाराला नवा कोयंडा. या वेळी आरपार बोल्ट, आतून जाड पट्टी, नट आतल्या बाजूला.

८ मार्च

उरलेले पॅनेल जागेवरून हलवले. खोपीच्या छपरावर होते, आता मागच्या उतारावर खाली लावले. वळणावरून दिसत नाही, स्वतः जाऊन सकाळ-दुपार-संध्याकाळ पाहिले. सकाळचा पहिला तास झाडाची सावली पडते, तेवढी वीज सोडली.

चौकट शिअर नटांनी बसवली. हे नट आवळत गेले की ठरावीक जोराला वरचे षटकोनी डोके तुटून पडते आणि उरतो गुळगुळीत शंकू. पाना धरायला काहीच मिळत नाही. आम्हालाही पॅनेल काढायचे झाले तर ते कापावेच लागतील. ते मान्य आहे.

पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर दोन ठिकाणी आमची खूण कोरली. काचेजवळ कोरायचे नाही. ती टेम्पर्ड काच असते, कडेला घाव बसला की सगळीच चुरा होते. मागच्या पांढऱ्या आवरणावरही ओरखडा नको, ओल शिरते. अतिनील प्रकाशात दिसणारी शाई आणली होती, पण ती उन्हात उडते, म्हणून ती फक्त खोपीतल्या वस्तूंवर वापरली. सगळ्यांचे अनुक्रमांक, फोटो, पावत्या एका वहीत, आणि वहीची प्रत घरी.

१५ मार्च

दोन कॅमेरे. शिकारी लोक जनावरे टिपायला वापरतात तसले, उष्णतेची हालचाल ओळखून फोटो काढणारे. पहिला कॅमेरा तळावर पावणेतीन मीटर उंचीवर, खाली तोंड करून. माणूस चालताना समोर पाहतो, डोक्यावर क्वचितच. दुसरा फाटकापाशी.

रात्रीच्या प्रकाशाबद्दल : कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांपैकी ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबपर्यंत पोहोचतात, पण अंधारात अंधूक लाल ठिपका दिसतो. ९४० चे डोळ्याला दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी. चोरांनी कॅमेराच उचलून नेऊ नये म्हणून ९४० चे घेतले.

२२ मार्च

आठवड्यात ९१२ फोटो. त्यातले जवळजवळ सगळे गवत हलल्याचे. तापलेले गवत वाऱ्यावर डुलले की सेन्सरला हालचाल भासते. समोरचे गवत कापले, एक फांदी छाटली, कॅमेऱ्याचे तोंड असे फिरवले की उगवता-मावळता सूर्य समोर येणार नाही. शिवाय थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारा माणूस या सेन्सरला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून वाट आडवी दिसेल असा कोन.

फाटकापाशी दुसरीच अडचण. दादाची गाडी रात्री आणून पाहिली तर नंबरप्लेटच्या जागी पांढरा चौकोन! प्लेटचा परावर्तक रंग कॅमेऱ्याचाच प्रकाश परत फेकतो. दिव्यांवर दुधी प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली, कॅमेरा थोडा कडेला सरकवला. चौथ्या प्रयत्नात अंक वाचता आले. गाडी फाटकापाशी थांबतेच, म्हणून जमले. धावत्या गाडीचा फोटो रात्री अस्पष्टच येतो.

अल्कलाइन सेल काढून लिथियमचे घातले. थंडीत जास्त टिकतात.

आणि एक पाटी : या ठिकाणी कॅमेरे आहेत. तंबू आणि अंघोळीची जागा कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही, हे मी स्वतः प्रत्येक फोटोत तपासले. इथे येणाऱ्यांचा निवांतपणा राखायचा म्हणूनच हे सगळे चालले आहे.

३० मार्च

कळण्याची सोय. तळावर फोनला रेंज नाही, म्हणून फोटो पाठवणारे कॅमेरे निकामी. लोरा रेडिओ घेतले. थोड्या विजेवर, अगदी थोडी अक्षरे, पण कित्येक किलोमीटर पोहोचवणारे. फोटो जात नाही, "फाटक उघडले" एवढे जाते. फ्रिक्वेन्सी आपल्या देशात ज्या पट्ट्याला परवानगी आहे तीच घ्यायची : कुठे ४३३, कुठे ८६८, कुठे ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास.

फाटकाला आणि खोपीच्या दाराला चुंबकी स्विच. तळावर एक रेडिओ, फाटकावर एक, माथ्यावर झाडाला तिसरा आणि चौथा आजोबांच्या घरी. तिथे फोन लागतो, तिथून संदेश माझ्यापर्यंत येतो. माथ्यावरचा रेडिओ नसताना काहीच पोहोचत नव्हते, मधली टेकडी आड येते. अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही, आतला भाग जळण्याचा धोका असतो. दादाला दोनदा ओरडून सांगावे लागले.

संध्याकाळी आजोबांशी नीट बोलले. "घंटा वाजली तर तुम्ही घराबाहेर पडायचं नाही," मी म्हटले. आजोबा म्हणाले, "अगं, नुसतं बघून येतो." मी त्यांचा हात धरून पुन्हा सांगितले. खिडकीतून दिवे दिसले तर वेळ लिहायची, पोलिसांना आणि मला फोन करायचा. बस. आमच्या बॅटरीपायी कोणाच्या अंगाला ओरखडा उठलेला मला चालणार नाही.

४ एप्रिल

एका ओळखीच्याने सुचवले : वाटेवर खिळ्यांची फळी पुरा, नाहीतर गळ्याच्या उंचीला तार ताणा. स्पष्ट नाही म्हटले. तार चोर ओळखत नाही. अंधारात वाट चुकलेला माणूस, आमच्याच मुक्कामाचे मूल, मदतीला धावत आलेला कोणीही त्यात सापडेल. बहुतेक देशांत असा सापळा लावणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो, आणि ठरायलाच हवा.

त्याऐवजी फाटकाच्या आत वाटेच्या आडवी दोन मीटरची मातीची पट्टी दंताळ्याने सारखी करून ठेवली. निघताना एकदा ओढायची, येताना पाहायची. वीज नको, सेल नको.

१९ एप्रिल

तीन खोट्या घंटा. तिन्ही वाऱ्याच्या रात्री. फाटक कुलपाच्या ढिलाईएवढे हलते आणि चुंबक स्विचपासून दूर जातो. चुंबक मोठा बसवला, आणि स्विच सलग पाच सेकंद उघडा राहिला तरच संदेश जाईल असे केले. आजोबांची झोपमोड झाली, त्यांची माफी मागितली.

८ मे

रात्री २ वाजून १४ मिनिटांनी आजोबांचा फोन. घंटा नाही, पण वळणावरून दिवे न लावता गाडी गेली, फक्त इंजिनचा आवाज आला. मी पोलिसांना कळवले आणि दादाला उठवले. २ वाजून ३१ मिनिटांनी घंटा वाजली, फाटक. खोपीच्या दाराचा संदेश येईल म्हणून मी फोनकडे बघत बसले. तो आला नाही. २ वाजून ४० मिनिटांनी आजोबांचा पुन्हा फोन, गाडी परत गेली.

९ मे

सकाळी पोलिसांबरोबर गेलो. कॅमेऱ्यात एक गाडी, दोन माणसे, तोंडे बांधलेली. एक जण चरापर्यंत चालत गेला, टॉर्चचा झोत बांधावर फिरवला, परत आला. दुसऱ्याने फाटकाखाली पहार घातली आणि उचलून पाहिले. तेव्हाच चुंबक हलला असणार. कुलपाच्या पेटीत हात घालून चाचपले. मग दोघे थोडा वेळ नुसते उभे. गाडी वळवताना नंबरप्लेट कॅमेऱ्यासमोर आली, पाचव्या फोटोत अंक स्वच्छ आहेत. कार्डाची प्रत पोलिसांना दिली.

मातीच्या पट्टीवर फक्त एका सशाची पावले.

मी बराच वेळ त्या पट्टीपाशी बसून राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले.

दादा मात्र बिजागरीपाशी. वरचा खुंट वाकला आहे, आणि पहारीच्या जोराने फाटकाचा खांब बोटभर कलला. आणखी पाच मिनिटे त्यांनी जोर लावला असता तर काय झाले असते, सांगता येत नाही. खांबाचे काँक्रीट फोडून पुन्हा, जास्त खोल घालायला हवे. फाटकाखालची फटही कमी करायची, पहारीला टेकू मिळू नये म्हणून.

पुढच्या खेपेला आणायचे : सिमेंटच्या दोन गोण्या, जाड खुंट, जाड पत्र्याची पट्टी, दादाचे वेल्डिंगचे सामान. आजोबांकडच्या रेडिओचा सेल बदलायचा. पट्टीवर दंताळे ओढले, सशाची पावले पुसली, आणि बॅटरी पाठीला लावून निघालो.